बिम चांगलं आहे हे सगळ्यांना पटतं, मग ते आपल्या साईटवर पोचत का नाही?

नोकरीच्या जाहिराती बघा, 'बिम मॉडेलर', 'बिम कोऑर्डिनेटर' हे शब्द आता सर्रास दिसतात. मोठ्या टेंडरांत बिमची अट यायला लागलीय, मेट्रोच्या बातम्यांत फाइव्ह-डी बिम वगैरे वाचायला मिळतं. आणि आपल्या गल्लीत जी बिल्डिंग उभी राहतेय तिथे सुपरवायझरच्या हातात घड्या पडून फाटलेली प्रिंट, तिच्यावर लाल पेनाच्या दुरुस्त्या, आणि फोनवर "सर ती लाईन नक्की कुठून न्यायची" हे चालूच. हे दोन्ही एकाच वेळी कसं काय, असं मला बरेच जण विचारतात, त्यात सिव्हिलची पोरं आहेत, त्यांचे आईवडील आहेत, आणि ज्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय ते लोक पण आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी बिम म्हणजे काय ते बघू

बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, थोडक्यात बिम. बिल्डिंग जमिनीवर उभी करायच्या आधी ती कॉम्प्युटरमध्ये पूर्ण बांधून बघायची. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर नुसती ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आपण भिंत काढतो तेव्हा कॉम्प्युटरच्या लेखी त्या नुसत्या दोन समांतर रेघा असतात. बिममध्ये भिंत टाकली की त्याला कळतं की ही भिंत आहे, १५० मिलिमीटर जाडीची, ब्लॉकची, इतकी उंच, तिच्यात एक दरवाजा आहे. तो दरवाजा प्लॅनमध्ये सरकवला की सेक्शनमध्ये (आडव्या छेदात), एलेव्हेशनमध्ये (समोरच्या दृश्यात) तो आपोआप सरकतो आणि ब्लॉक किती लागतील, प्लास्टर किती होईल हे आकडे पण बदलतात. याला वेळापत्रक जोडलं, म्हणजे कुठला स्लॅब कधी पडणार वगैरे, की लोक त्याला फोर-डी म्हणतात आणि पैसे जोडले की फाइव्ह-डी, एवढंच.

गणपती मंडळाचा हिशोब आठवा. वर्गणीचं पुस्तक एकाकडे, मंडपवाल्याला दिलेले पैसे दुसऱ्याच्या वहीत, लाईट-स्पीकरचं तिसऱ्याच्या मोबाईलमध्ये, आणि विसर्जन झाल्यावर सगळे डोक्याला हात लावून तिन्ही जुळवत बसतात. साध्या बांधकामात आर्किटेक्ट, आरसीसीवाला, प्लंबिंगवाला, इलेक्ट्रिकलवाला असेच चार वह्या घेऊन बसलेले असतात. बिम म्हणजे मंडळाची एकच वही, सगळ्यांनी तिच्यातच लिहायचं आणि प्रत्येकाला बाकीच्यांनी काय लिहिलंय ते तेव्हाच दिसायचं.

कल्पना काही नवीन नाही. अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकातच अशी मांडणी केली होती, हंगेरीतलं आर्चिकॅड हे बिमचं सॉफ्टवेअर १९८० च्या दशकातलं, आणि रेव्हिट, जे आज जास्त चालतं, ते ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीने २००२ मध्ये विकत घेतलं. म्हणजे तंत्र अजून कच्चं आहे, जरा थांबून बघू, असं म्हणायला आता जागा नाही.

"थ्रीडी तर आम्ही केव्हापासून करतोय"

हे हमखास ऐकायला मिळतं. ब्रोशरमध्ये असतो तो थ्रीडी व्ह्यू, झाडं, गाड्या, संध्याकाळचं आकाश, तो विक्रीसाठी असतो आणि त्यात भिंतीच्या आत काय आहे याची काहीच माहिती नसते. फरक कळायला एक बेसमेंट घेऊ, आकडे मी सोपे धरतो.

मजल्याची उंची ३६०० मिलिमीटर, बीम (बिम नव्हे, स्लॅबखालची काँक्रीटची तुळई) ७५० चा, म्हणजे बीमखाली उरले २८५०. गाड्यांसाठी २४०० मोकळे हवेत असं ठरलंय. हवा खेळवायचा डक्ट ४०० चा, तो बीमला चिकटवला तरी खाली २४५० राहतात, डक्टवाला खूश. ड्रेनेजची लाईन ११० ची, क्लॅम्प धरून १६० लागतात, २० मीटर लांब आणि शंभराला एक उतार, म्हणजे शेवटच्या टोकाला ती २०० ने खाली येणार, तरी २४९० मोकळे, प्लंबिंगवाला पण खूश. दोघांची ड्रॉइंग वेगवेगळी तपासली तर दोन्ही बरोबर. पण समजा १२ मीटरवर ही लाईन डक्टला आडवी जाते. ड्रेनेजचं पाणी वर चढत नाही, त्यामुळे ती डक्टच्या खालून न्यावी लागते, २४५० मधून १६० गेले, उरले २२९०, आणि पुढच्या ८ मीटरमध्ये उताराचे अजून ८० गेले की २२१०. पार्किंगची उंची बोंबलली.

हे मॉडेलमध्ये असतं तर कॉम्प्युटरने दोन्ही एकमेकांत घुसतायत हे तिथेच दाखवलं असतं, याला क्लॅश म्हणतात. मग डक्टचा आकार बदला, लाईन दुसरीकडून न्या, नाहीतर बीममधून पाईप जायला स्ट्रक्चरल कन्सल्टंटला विचारून योग्य जागी स्लीव्ह सोडा, म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधीच भोकाची सोय. मॉडेल नसेल तर हे कळतं केव्हा, तर सेंट्रिंग निघाल्यावर, प्लंबर शिडीवर चढल्यावर. मग कोअर कटिंगचं मशीन येतं आणि तयार बीमला भोक पडतं, कधी कधी कॉलमच्या अगदी जवळ, जिथे बीमवर कातरणारा ताण सगळ्यात जास्त असतो, कधी आतली सळई कापून. पुढे वरून फॉल्स सिलिंग लागलं की ते कोणाला दिसत पण नाही. मला या विषयावर लिहावंसं वाटतं त्याचं खरं कारण हे भोक आहे.

मग अडतं कुठे?

लोकांना वाटतं सॉफ्टवेअर महाग आणि माणसं जुन्या वळणाची म्हणून अडतं. थोडं खरं आहे, त्याच्यावर येतोच. पण माझ्या मते मुख्य गाठ वेगळी आहे, मेहनत एकाची आणि फायदा दुसऱ्याचा.

मॉडेल बनवायचं कोणी? आर्किटेक्ट आणि कन्सल्टंट लोकांनी. त्यांना जास्तीचे तास लागतात आणि ते पण अगदी सुरुवातीला, कारण पाईप कुठून जाणार हे आधी साईटवर ठरायचं ते आता कागदावरच ठरवायला लागतं. पॅट्रिक मॅक्लीमी नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने हे एका आलेखात मांडलं होतं, त्याचं म्हणणं असं की मेहनत पुढे ओढून आणा, तेव्हा बदल करणं स्वस्त असतं, जितका उशीर तितका बदल महाग. मुद्दा बिनतोड आहे, पण फीचे हप्ते कोणी पुढे ओढले का? आपल्याकडे कन्सल्टंटची फी अजून जुन्याच टप्प्यांनी मिळते, इतकी मंजुरी मिळाल्यावर, इतकी वर्किंग ड्रॉइंग दिल्यावर, इतकी प्रत्येक स्लॅबमागे. काम पुढे आलं, पैसा होता तिथेच राहिला. वर फी ठरवताना घासाघीस अशी की स्ट्रक्चरलवाल्याला चौरस फुटामागे काही रुपये मिळतात, त्यात तो मॉडेल कुठून करणार?

आणि फायदा कोणाला? ठेकेदाराचं तोडफोडीचं काम वाचतं, बिल्डरचा वेळ वाचतो, फ्लॅटवाल्याला गळती कमी. यातलं कोणीच मॉडेलचे पैसे देत नाही. मंडळाची एकच वही करायची हे सगळ्यांना मान्य, पण ती रोज लिहायची कोणी यावर मीटिंग संपते, तसं आहे हे.

टेंडरचा साचाच कागदाचा आहे

सरकारी कामात ही गाठ अजून घट्ट होते. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याचं बी-वन टेंडर घ्या, त्यात ठेकेदार फक्त एवढंच सांगतो की अंदाजपत्रकापेक्षा तो इतके टक्के वर किंवा इतके टक्के खाली काम करेल. दरसूची काँक्रीटच्या घनमीटरला, लोखंडाच्या टनाला, प्लास्टरच्या चौरस मीटरला दर देते. विचार करून काम आधीच सोडवून ठेवलं याला त्यात दर कुठून असणार? सगळ्यात कमी भरणाऱ्याला काम, मग तो मॉडेलचा खर्च धरून बसला तर बाजूला पडणार हे उघड आहे.

अजून एक गोष्ट आहे आणि ती बोलली जात नाही. बऱ्याच कामांत टेंडर कमी भरायचं आणि पुढे एक्स्ट्रा आयटम, म्हणजे टेंडरात नसलेली जादा कामं, दाखवून भरून काढायचं असा हिशोब असतो. ड्रॉइंग अर्धवट, प्रमाणं अंदाजे, तर एक्स्ट्राला वाव. मॉडेलमधून प्रमाणं आधीच नेमकी निघाली की तो वाव आटतो. यात मी एकट्या ठेकेदाराला दोष देणार नाही, सगळ्यात कमी भरल्याशिवाय काम मिळत नाही म्हटल्यावर तो तरी काय करेल. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अर्थखात्याने नियम थोडे सैल केले, काही ठरावीक बांधकामांत दराबरोबर गुणवत्तेलाही गुण द्यायची मुभा दिली, जास्तीत जास्त ३० टक्के. दार किलकिलं झालंय, त्यातून किती खाती आत जातायत ते महत्त्वाचं.

जिथे मालकानेच ठरवलं तिथे हे झालंय, हे पण सांगायला हवं. ब्रिटनच्या सरकारने २०११ मध्ये जाहीर केलं की केंद्राच्या पैशातून होणाऱ्या कामांत २०१६ पासून बिम लागेल, पाच वर्षं आधी सांगितलं, आणि सांगितल्याप्रमाणे एप्रिल २०१६ पासून ते लागू झालं. आपल्याकडे महामेट्रोने नागपूर मेट्रोच्या कामात सुरुवातीपासूनच फाइव्ह-डी बिम घेतलं. दोन्हीकडे पैसे देणाऱ्याने मागितलं म्हणून बाकीच्यांनी दिलं.

"सॉफ्टवेअर परवडत नाही हो"

ही तक्रार खरी आहे आणि ती फक्त आपली नाही. आधी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की झालं, पण ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमच्या लायसन्सची विक्री बंद केली, आता वर्षाला भाडं, आणि तीन-चार माणसांच्या ऑफिसला प्रत्येक सीटमागे, म्हणजे वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे, ते झेपत नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठमोठ्या आर्किटेक्ट फर्मनी मिळून ऑटोडेस्कला जाहीर पत्र लिहिलं होतं की रेव्हिटचे पैसे वाढतायत पण त्या मानाने सुधारणा होत नाहीत. लंडनच्या फर्म ओरडतायत तर सांगली-साताऱ्याच्या ऑफिसचं काय घेऊन बसलात. वर चांगला कॉम्प्युटर लागतो, आणि नवीन पद्धत शिकेपर्यंत काही महिने कामाचा वेग कमी होतो, तो खर्च तर कोणी धरतच नाही.

दुसरी कटकट फाईलची. आर्किटेक्ट एका सॉफ्टवेअरवर, स्टीलवाला दुसऱ्यावर, यांच्या फाईली एकमेकांत उघडल्या तरी आतली माहिती वाटेत सांडते, दरवाजा दरवाजा राहत नाही, नुसता ठोकळा होतो. यासाठी आयएफसी नावाचा एक खुला फाईल प्रकार आहे, कुठल्याच कंपनीच्या मालकीचा नाही, २०१३ पासून त्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता आहे. अजून सगळं अचूक जातं असं नाही, पण मॉडेल उघडून बघण्यापुरते फुकट व्ह्यूअर मिळतात आणि ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरवर चालणारं बोन्साय सारखं फुकट सॉफ्टवेअर पण आहे. साईट इंजिनिअरला मॉडेल बघायला लाखाचं लायसन्स लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

"माणसंच मिळत नाहीत"

हे मला मान्य नाही. पुण्यात, मुंबईत अशी कितीतरी ऑफिसं आहेत जिथे आपलीच पोरं-पोरी ब्रिटन-अमेरिकेतल्या हॉस्पिटलची, शाळांची, डेटा सेंटरची बिम मॉडेलं दिवसभर करतात. तिथला प्लंबिंगचा पाईप इथे बसून बीमखालून काढतात. कौशल्य इथेच आहे, पण ते परदेशी कामाला जातंय कारण तिकडून त्याचे पैसे येतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तीच मुलगी संध्याकाळी घरी जाते त्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाईप डोक्याला लागतो.

तुटवडा आहे तो मधल्या माणसांचा. ज्याला साईट पण कळते आणि मॉडेल पण, असे कमी. कॉलेजात सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात पण सेंट्रिंग कधी निघतं, मुकादम कुठल्या क्रमाने काम लावतो हे मॉडेल करणाऱ्याने बघितलेलंच नसतं. आणि ज्याने तीस स्लॅब टाकलेत त्या सुपरवायझरला कोणी कधी मॉडेल उघडून दाखवलेलं नसतं. त्याला दाखवलं तर तो चुका पटापट सांगतो.

"मॉडेल चुकलं तर निस्तरायचं कोणी?"

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. चार वह्या होत्या तेव्हा कोणाची चूक ते सही बघून कळायचं. एकाच मॉडेलमध्ये पाच जणांनी हात घातला तर?

अमेरिकेत एका विद्यापीठाच्या लाईफ सायन्सच्या इमारतीत हेच झालं, २०११ मध्ये ते बाहेर आलं. आर्किटेक्टने आणि सर्व्हिसेसच्या इंजिनिअरने बिम वापरून सिलिंगच्या वरच्या पोकळीत सगळे पाईप-डक्ट अगदी चपखल बसवले. मॉडेलमध्ये बसत होते पण इतके घट्ट की एका ठरावीक क्रमानेच लावले तर बसणार, आणि तो क्रम ठेकेदाराला कोणी सांगितलाच नाही. साधारण ७० टक्के काम झालं आणि जागा संपली. ठेकेदाराने मालकावर दावा लावला, मालकाने आर्किटेक्टवर, मग इंजिनिअरही त्यात ओढला गेला आणि शेवटी लाखो डॉलरची भरपाई देऊन मिटवलं. मॉडेल बरोबर, तरी काम चुकलं, कारण माणसं एकमेकांशी बोलली नाहीत.

म्हणून करारात आधी लिहावं लागतं की कुठला भाग कोणाचा, तो किती पक्का, कोणत्या तारखेला कोणी कोणाला द्यायचा, आणि मॉडेल व ड्रॉइंगमध्ये फरक निघाला तर काय धरायचं. आयएसओ १९६५० हे मानक २०१८ पासून याच शिस्तीसाठी आहे. आपल्याकडे बऱ्याच करारांत शेवटी सही-शिक्क्याची टूडी प्रिंटच खरी धरतात, मग मॉडेल बनलं तरी दोन महिन्यांत ते शिळं होतं कारण दुरुस्त्या फक्त प्रिंटवर होत राहतात.

महापालिकेचं पण तेच. राज्यातल्या बऱ्याच ठिकाणी नकाशा ऑनलाइन तपासतात, चांगली गोष्ट आहे, पण ती पद्धत ठरावीक लेयरमधलं टूडी कॅड ड्रॉइंग वाचते. मॉडेल केलं तरी मंजुरीसाठी वेगळी फाईल करावीच लागते, म्हणजे दुप्पट काम. सिंगापूरने २०१५ पर्यंत ५००० चौरस मीटरच्या वरच्या इमारतींची मंजुरीच मॉडेलवर मागायला सुरुवात केली, तिथे मॉडेल जास्तीचं काम राहिलं नाही, तेच मुख्य काम झालं.

"आपल्याकडे साईटवर निभावतं"

निभावतं कारण मजुरी स्वस्त आहे. तोडा, परत बांधा, दोन माणसं अर्धा दिवस. तो खर्च कुठल्याच बिलात 'चूक' म्हणून दिसत नाही, इकडे थोडा तिकडे थोडा असा विरघळतो आणि शेवटी फ्लॅटच्या किंमतीत आणि ताब्याच्या तारखेत बसतो. ज्याला उशीर होतो तो भाडं आणि हप्ता दोन्ही भरत असतो, त्याला विचारा निभावतं का. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २०१७ च्या अहवालात आलं होतं की आधीच्या वीस वर्षांत जगभर बांधकामातली माणशी उत्पादकता वर्षाला जेमतेम १ टक्क्याने वाढली, तेव्हा एकूण अर्थव्यवस्थेची २.८ टक्क्यांनी. आपण एकटेच मागे नाही, अख्खा धंदाच असा आहे, पण म्हणून तसंच चालू ठेवायचं कारण नाही.

"चार मजल्याच्या बिल्डिंगला कशाला?"

पूर्ण फाइव्ह-डी वगैरे नकोच. लहान कामात जिथे सगळ्या लाईनी एकत्र येतात तेवढंच मॉडेल करा, बेसमेंट, लिफ्टची लॉबी, टॉयलेटचे डक्ट, टेरेसवरच्या टाक्या. एवढं करायला अनुभवी माणसाला फार दिवस लागत नाहीत, आणि कोअर कटिंगची बहुतेक भानगड इथलीच असते. बाकीच्या बेडरूम नेहमीसारख्या टूडीत चालतील. मला तरी लहान बिल्डरसाठी सुरुवात इथूनच योग्य वाटते, सगळं नाहीतर काहीच नाही या अट्टहासाने खूप जणांनी एक प्रयोग करून सोडून दिलंय.

सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर

इथे मात्र ताकद सभासदांकडे असते, कारण मालक तुम्ही आहात. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या आदेशानुसार तुम्ही प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, ज्याला सगळे पीएमसी म्हणतात, नेमता. त्याच्या कामाच्या यादीतच लिहून घ्या की कुठल्याही मजल्याचं काँक्रीट ओतायच्या आधी त्या मजल्याचं स्ट्रक्चर, प्लंबिंग, फायर आणि इलेक्ट्रिकल एकत्र लावून तपासलेलं ड्रॉइंग हवं, त्यावर चौघांच्या सह्या हव्यात, आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही बीमला, कॉलमला भोक पडणार नाही.

दुसरं, ताबा घेताना प्रत्यक्षात जसं बांधलंय तसं मॉडेल आयएफसीमध्ये मागा, सोबत पीडीएफ. रेराच्या कायद्याप्रमाणे ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने फुकटात दुरुस्त करून द्यायचे असतात, पण सहाव्या मजल्याच्या बाथरूममधून पाचव्यात पाणी उतरतंय तर लाईन नक्की कुठून गेलीय हेच कोणाला माहीत नसेल तर अर्धी टाईल फोडून शोधत बसावं लागतं. मॉडेल कोण अपडेट करणार आणि त्याचे पैसे कुठल्या टप्प्याला मिळणार हे पण त्याच करारात घाला, नाहीतर ते काम फुकटात कोणीच करणार नाही. आणि हे सगळं डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटवर सह्या व्हायच्या आधी, कारण एकदा सह्या झाल्या की प्रत्येक नवीन मागणीला बिल्डर वेगळे पैसे मागतो, आणि तेव्हा त्याचंही काही चुकत नाही.